नट बसला म्हणजे बोल्ट बरोबर? थ्रेड गेज कसं निवडायचं, कसं वापरायचं

मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे सुरू होतं आणि थोडं पुढे गेलं की वागळे इस्टेट. एमआयडीसीने १९६२ च्या सुमारास सुरू केलेली ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. समजा, इथल्या एका गाळ्यात बोल्ट तयार होतोय आणि त्याचा नट तयार होतोय चाकणला. दोघांची पहिली भेट थेट गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर होणार. तिथे बोल्ट अडकला किंवा खुळखुळला, तर अख्खा लॉट परत येतो.

मग भेटीआधीच खात्री कशी करायची? 'आमच्याकडच्या नटमध्ये बसला की!' हे उत्तर चालत नाही, कारण तुमचा नटच मोठा असू शकतो. यासाठीच थ्रेड गेज असतं. तुम्ही आयटीआय किंवा डिप्लोमा करत असाल किंवा नुकतेच क्यूसीला लागला असाल, तर हे नीट समजून घ्या.

पायरी १: आटे कोणते आहेत ते ओळखा

यासाठी पिच गेज लागतं. पोस्टकार्डपेक्षाही लहान अशा पोलादी पात्यांचा हा जुडगा चाकूसारखा उघडतो. प्रत्येक पात्याला वेगळ्या मापाचे दाते असतात. पातं आट्यांवर ठेवायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. दाते आणि आटे यांच्यामधून उजेड दिसला नाही, तर तो तुमचा पिच. पिच म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर.

फसगत कुठे होते बघा. एम ८ बोल्टचा व्यास ८ मिमी आणि पिच १.२५ मिमी. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंची यूएनसी बोल्टचा व्यास ७.९४ मिमी, पण पिच १.४१ मिमी. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन आटे चढतो आणि मग जाम होतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच म्हणून समजा. मोबाईलच्या ट्रायपॉडचा स्क्रूसुद्धा असाच फसवतो. तो एम ६ नसून १/४ इंची असतो, एका इंचात २० आटे.

पिचइतकाच कोनही महत्त्वाचा. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश असतो. घरातल्या अर्धा इंची नळाच्या बीएसपी आट्यांचा कोन ५५ अंश, कारण ते १८४१ साली इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने सुचवलेल्या पद्धतीवर आहेत. अमेरिकन अर्धा इंची एनपीटीमध्येही इंचाला १४ आटेच असतात, पण कोन ६० अंश. मोजले तर आटे तेवढेच भरतात, पण जोड गळतो.

पायरी २: ड्रॉइंग वाचा, मग गेज निवडा

पिच गेज फक्त आट्याची जात सांगतं. माप हद्दीत आहे का, हे सांगायला गो आणि नो-गो गेज लागतं. ते निवडायचं ड्रॉइंगवरून. उदाहरणार्थ, ड्रॉइंगवर लिहिलंय: एम ८ × १.२५ – ६जी.

* एम ८ × १.२५: व्यास आणि पिच. एम ८ × १ हा बारीक आट्याचा बोल्ट वेगळा, त्याचं गेजही वेगळं.
* ६जी: टॉलरन्सचा वर्ग. अक्षर लहान लिपीत असेल तर बाहेरचे आटे (बोल्ट), मोठ्या लिपीत असेल तर आतले आटे (नट किंवा टॅप मारलेलं भोक). नटला बहुतेक वेळा ६एच असतं.
* शेवटी एलएच लिहिलं असेल तर आटे उलटे, सायकलच्या डाव्या पॅडलसारखे.

बोल्टसाठी रिंग गेज घ्यायचं, भोकासाठी प्लग गेज. गेजवर कोरलेला मजकूर आणि ड्रॉइंगवरचा मजकूर शब्दशः जुळला पाहिजे. 'एम ८ आहे ना, झालं!' असं म्हणून ६एचच्या जागी दुसऱ्या वर्गाचं गेज उचललं, तर तपासणी केली आणि नाही केली, दोन्ही सारखंच.

गेजच्या दोन बाजू, दोन प्रश्न

एम ८ – ६एच नटमध्ये पिच डायमीटर ७.१८८ ते ७.३४८ मिमीच्या आत हवा. पिच डायमीटर म्हणजे आट्याची जाडी आणि मधली खाच जिथे सारखी होते तिथला व्यास. ही हद्द फक्त ०.१६ मिमीची, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीएवढी.

गो बाजू लांब आणि पूर्ण आकाराची असते. ती एकाच वेळी पिच, कोन, व्यास सगळं तपासते आणि विचारते, 'जोडीदार आत येईल का?' नो-गो बाजूला मोजकेच आटे असतात आणि तेही छाटलेले. ती फक्त पिच डायमीटर बघते आणि विचारते, 'जास्त सैल तर झालं नाही ना?' गोने सगळं एकत्र तपासायचं आणि नो-गोने एकच गोष्ट, हे तत्त्व इंग्लंडच्या विल्यम टेलरने १९०५ साली मांडलं. आजही गेज त्यावरच बनतात.

पायरी ३: वापरताना

१. आधी कीस, बर आणि तेलकट घाण साफ करा. मशिनवरून उतरलेला गरम जॉब थंड होऊ द्या.

२. गो गेज हाताने, जोर न लावता, पूर्ण लांबी गेलं पाहिजे. अर्ध्यात अडकलं तर जॉब नापास.

३. नो-गो थोडं आत जाऊ शकतं. आयएसओ १५०२ प्रमाणे दोन फेऱ्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. फेऱ्या मोजायच्या त्या गेज बाहेर काढताना. भोक आरपार असेल तर दोन्ही तोंडांकडून बघा.

४. गेज म्हणजे टॅप नाही. अडकलं म्हणून पाना लावून फिरवलं, तर जॉबही खराब होतो आणि गेजही.

५. रिंग गेज बोल्टचा बाहेरचा व्यास तपासत नाही, तो मायक्रोमीटरने घ्या (एम ८ – ६जीला ७.७६० ते ७.९७२ मिमी). तसंच नटच्या भोकाचा आतला व्यास साध्या, बिनआट्याच्या प्लग गेजने बघा (६.६४७ ते ६.९१२ मिमी).

प्लेटिंगनंतर बोल्ट का अडकतो?

सकाळी पास झालेला लॉट प्लेटिंग करून आल्यावर नापास होतो आणि मग प्लेटिंगवाल्याशी वाद सुरू होतो. कारण साधं आहे. आट्याच्या बाजू तिरक्या असतात, त्यामुळे थर जेवढा जाड, त्याच्या चौपट पिच डायमीटर वाढतो. ६जी बोल्टमध्ये अशा थरासाठी २८ मायक्रॉन जागा सोडलेली असते. म्हणजे वरच्या हद्दीवर असलेल्या बोल्टला थर फार तर ७ मायक्रॉनचा चालतो. झिंकचा थर ८ मायक्रॉनचा झाला की वाढ होते ३२ मायक्रॉन, आणि बोल्ट हद्दीबाहेर.

म्हणून ६जी गेजने तपासायचं प्लेटिंगच्या आधी. प्लेटिंगनंतर गो रिंग वापरायची ती लहान लिपीतल्या ६एचची. आणि आटे पाडतानाच बोल्ट वरच्या हद्दीला चिकटवू नका.

मोबाईलने हे काम होईल का?

अर्धं होईल. आट्यांशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, मागून उजेड येऊ द्या, फोटो काढून झूम करा आणि १० आट्यांचं अंतर मोजा. १२.५ मिमी आलं तर पिच १.२५, १४.१ आलं तर अडीच सूत यूएनसी. मात्र ०.१६ मिमीची हद्द फोटोवरून ठरवता येत नाही, त्यामुळे पास-नापासचा निर्णय गेजवरच घ्यायचा.

आणि गेजच खराब असेल तर?

गो बाजू रोज घासली जाते. गो प्लग झिजून बारीक झालं की घट्ट नटसुद्धा पास होतो, आणि तो पकडला जातो थेट गिऱ्हाइकाकडे. त्यामुळे गेजवरचा नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख बघायची सवय लावा. गेज कॅलिब्रेट करून मिळतात. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था कॅलिब्रेशनची कामं करते. काम संपलं की गेज पुसून, तेलाचा हात फिरवून डबीत ठेवा. खाली पडलेलं गेज गुपचूप परत ठेवू नका, सांगा. एका गेजच्या किमतीपेक्षा परत आलेला लॉट कितीतरी महाग पडतो.