वैतरणेचा उतार

विरारहून डहाणूकडे निघालेली लोकल वैतरणा स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात पुलाचा खडखडाट सुरू होतो. दारात उभा असलेला माणूस मोबाइलमधून डोकं वर काढतो तो एवढ्याचपुरता. खाली रुंद, गढूळ, आळसावलेलं पाणी. काठाला तिवरं, मध्ये रेतीच्या होड्या, ओहोटी असेल तर उघडा पडलेला चिखल. दोन रेल्वेपुलांच्या मध्ये वाढीव नावाचं बेट आहे. तिथल्या माणसांनी आणि शाळकरी पोरांनी वर्षानुवर्षं रुळांच्या कडेनं पूल ओलांडला आहे, कारण बाहेर पडायला दुसरी सोयीची वाट नव्हती. पुराणात वैतरणी ओलांडायला गाईचं शेपूट तरी मिळतं.

या संथ खाडीकडे पाहून कुणाला पटणार नाही, पण ही डोंगरातली नदी आहे. गोदावरी जिथे उगम पावते त्या त्र्यंबकच्या डोंगररांगेतच वैतरणेचाही जन्म. एक बहीण पूर्वेला वळली आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर रमतगमत बंगालच्या उपसागराला गेली. दुसरीनं पश्चिमेची कड गाठली आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतरात सह्याद्री उतरून अर्नाळ्याशी समुद्राला मिळाली. घाट उतरण्याची ही घाईच कयाक चालवणाऱ्याला हवी असते.

‘व्हाइट वॉटर’ला मराठीत नेमका शब्द नाही. खळाळ, धावतं पाणी, उसळी असे शब्द आहेत, पण त्यातली भीती कुठल्याच शब्दात नाही. पाणी पांढरं दिसतं ते त्यात हवा मिसळल्यामुळे. उतारावर, कातळावर आपटून पाण्याचा फेस होतो. फेसात हवा जास्त म्हणून तरंगायला आधार कमी आणि वल्ह्याला पकडही कमी. दिसायला दुधासारखं असलेलं पाणी माणसाला धरून ठेवत नाही, ते त्याला खाली सोडतं. जगभर अशा पाण्याची प्रतवारी एक ते सहा अशी लावतात. पहिल्या श्रेणीत पोरंसोरं खेळतात. सहाव्या श्रेणीच्या काठावर उभं राहून बहुतेक शहाणी माणसं होडी खांद्यावर घेतात आणि चालू लागतात.

हे चालणंच अनेक दिवसांच्या मोहिमेचा अर्धा भाग असतं. राफ्टमध्ये सहा-आठ जण बसतात आणि मागे गाइड असतो. कयाकमध्ये एकटा माणूस. कमरेभोवती झालरीसारखा स्कर्ट, तो होडीच्या तोंडाच्या कडेवर ताणून बसवलेला, म्हणजे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली की डोकं खाली, पाय वर. अशा वेळी घाबरून स्कर्ट ओढून बाहेर पडायचं नाही. वल्हं पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आणायचं, कमरेला झटका देऊन आधी होडी सरळ करायची आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. याला रोल म्हणतात. नवशिक्याची चूक नेमकी उलटी असते. श्वासासाठी तो डोकं आधी वर काढू पाहतो आणि पुन्हा उलटतो. उत्तर ध्रुवाकडच्या ज्या इन्युइट शिकाऱ्यांनी कातड्याची ही होडी घडवली, त्यांना हे यावंच लागे. तिथल्या बर्फगार पाण्यात पोहून काठ गाठणं शक्यच नव्हतं.

मोहिमेवर या होडीत झोपायची पिशवी, शिधा, दोर, औषधं असं सगळं कोंबलेलं असतं. मोकळी असताना चपळ असलेली होडी मग भरल्या बैलगाडीसारखी वळते. रोज सकाळी तेच. वळणाआधी थांबायचं, दगडाच्या आडोशाच्या शांत पाण्यात होडी लावायची, काठानं चढून पुढचं पाणी पाहायचं, रेषा ठरवायची. जमणार नसेल तर होडी खांद्यावर.

या खेळातली सर्वांत मोठी दंतकथा तिबेटात घडली. तिथे यारलुंग त्सांगपो नदी ७७८२ मीटर उंचीच्या नामचा बारवाला वळसा घालून भारताकडे कोसळते. १९९३ मध्ये जपानी कयाकपटू योशिताका ताकेई त्या परिसरात बुडाला. १९९८ च्या ऑक्टोबरात अमेरिकन डग गॉर्डनला नदीनं गिळलं. २००२ च्या फेब्रुवारीत, पाणी कमी असताना, स्कॉट लिंडग्रेनच्या नेतृत्वाखालच्या सात जणांनी घळीचा वरचा टप्पा कयाकमधून पार केला. काठानं भारवाहकांची फौज चालत होती, आणि पुढे नदीत जाणं अशक्य झालं तेव्हा त्यांनीही होड्या खांद्यावर घेऊन खिंड ओलांडली. त्याआधी १९७६ मध्ये माइक जोन्सच्या ब्रिटिश चमूनं एव्हरेस्टखालची दूधकोसी उतरून दाखवली होती. जोन्स दोनच वर्षांनी पाकिस्तानातल्या ब्राल्डू नदीत गेला. या खेळाच्या इतिहासात विजयाच्या पुढच्याच पानावर बहुधा मृत्युलेख असतो.

त्सांगपो भारतात शिरली की तिचं नाव सियांग. अरुणाचलात तुतिंगपासून पासीघाटपर्यंत आठवडाभर जंगलातून, वाळूच्या काठांवर मुक्काम करत उतरता येतं. लडाखात झंस्कारची घळ आहे. पदुमपासून निम्मूला सिंधूच्या संगमापर्यंत अनेक दिवस दोन्ही बाजूंना उभे कडे. हिवाळ्यात याच नदीच्या गोठलेल्या पाठीवरून ‘चादर’ची पायपीट होते, आणि ती करायला पुण्या-मुंबईची पोरं दरवर्षी जातात. आता त्या घळीतून रस्ता झाला आहे. सियांगवर ११,००० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित आहे, आणि काठावरच्या आदी जमातीच्या गावांचा त्याला विरोध आहे. पलीकडे चीननं जुलै २०२५ मध्ये त्सांगपोच्या त्याच वळणाजवळ जगातला सर्वांत मोठा म्हणवला जाणारा जलविद्युत प्रकल्प सुरू केला.

यात योगायोग नाही. कयाकवाला आणि वीज अभियंता नकाशात एकच गोष्ट शोधत असतात. कमी अंतरात जास्त उतार. दोघांची बोटं एकाच रेषेवर येऊन थांबतात, आणि बहुतेक वेळा अभियंता जिंकतो.

महाराष्ट्रात मात्र एका ठिकाणी या दोघांचं विचित्र सख्य झालं आहे. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची कुंडलिका. पावसाळा सोडून इतर महिन्यांत, कोकणातल्या बाकीच्या नद्यांत गोटे वाळत पडलेले असताना, इथे सकाळी राफ्ट सुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं पाणी, बारा-तेरा किलोमीटर. खळाळांना गाइडमंडळींनी ‘मॉर्निंग हेडेक’सारखी नावं ठेवली आहेत. पण हे पाणी कुंडलिकेचं नाही. ते मुळा नदीचं आहे, घाटमाथ्यावरचं. सरळ वाहू दिलं असतं तर ते पुण्यावरून भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेला वळवलं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, आणि १९२७ पासून ते कोकणात वाहतं आहे. विजेची मागणी असेल तेव्हा टर्बाइनं फिरतात, टर्बाइनं फिरली की नदीला पाणी येतं, पाणी आलं की राफ्ट सुटते. नदी सकाळी कामावर येते आणि पाळी संपली की घरी जाते.

याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव त्यांच्यासोबत होते. सत्याग्रह हरला, गावं बुडाली. आज कोलाडच्या पहिल्या खळाळात ओरडणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळता आवळता दोन मिनिटांत सांगून होतं.

इतर राज्यांत थोडं वेगळं चित्र आहे. गोव्यात वाळपईजवळ म्हादईवर पावसाळ्यात राफ्ट चालतात. केरळात कोझिकोडजवळ तुषारगिरीच्या परिसरात भर पावसात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो आणि देशोदेशीचे कयाकपटू पश्चिम घाटाच्या चिमुकल्या, तिरसट नद्यांत उड्या घेतात. म्हणजे सह्याद्रीच्या पावसाळी नद्या या खेळाला नालायक नाहीत.

मग वैतरणा? त्र्यंबक ते अर्नाळा अशी मोहीम काढायची म्हटली तर काय काय वाटेत येईल?

पहिलं येईल अप्पर वैतरणा धरण, १९७३ चं. त्याखाली नदी जिथे घाट उतरते तिथे ६० मेगावॉटचं वीजघर आहे. इथेही अभियंत्याचं बोट आधी पडलं. वीज करून सुटलेलं पाणी पुन्हा पात्रात येतं आणि मोखाडा-शहापूरच्या काळ्या कातळातून खाली जातं. खेळासाठी हाच तुकडा. पुढे १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा, २०१४ मध्ये पुरं झालेलं. त्याखाली १९५७ चा मोडकसागर, मुंबई महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांच्या नावाचा. तिन्ही ठिकाणी होडी खांद्यावर घ्यावी लागेल, आणि तीही परवानगी मिळाली तर, कारण हे मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. मोडकसागरानंतर नदीचं खरं पाणी जलवाहिन्यांतून उताराच्या जोरावर मुंबईकडे जातं. पात्रात उरतो तो पावसाळ्यातला सांडवा. वैतरणेची उपनदी तानसा आणखी आधी अडवली गेली, १८९२ मध्ये. वैतरणेच्या खोऱ्यातच गारगाई आणि पिंजाळ हे आणखी दोन प्रकल्प मुंबईसाठी प्रस्तावित आहेत.

वसई-विरारकरांनी मुंबईकडे बोट दाखवावं, तर त्यांच्या नळालाही सूर्या नदीचं पाणी येतं. धामणीचं धरण, कवडासचा बंधारा, मासवणचा उपसा आणि मग शहर. वसईतल्या एव्हरशाइनच्या चौथ्या मजल्यावर सकाळी टाकीत पडणारं पाणी कधीकाळी डोंगराच्या कुठल्याशा धोंड्यावर आपटून पांढरं झालेलं असतं. आणि जिथून मुंबईला पाणी जातं त्या मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. खेळाच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण नदीतून वल्हवत जाणारा माणूस काठावरची रिकामी हंडी पाहिल्याशिवाय जाऊ शकत नाही. रस्त्यानं जाणारा जाऊ शकतो.

मोडकसागराच्या खाली, वाडा तालुक्यात, पावसाळी वैतरणा रुंदावते. पिंजाळ येऊन मिळते, देहरजा आणि सूर्या येतात, आणि सखल भागात तानसाही येते, वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं काठावर ठेवून. पुरात या पट्ट्यात खळाळ थोडे आणि धोके फार. सर्वांत वाईट धोका दिसायला सर्वांत साधा असतो. तो म्हणजे बंधारा. काठावरून पाहिलं तर पाणी एका सरळ रेषेत मीटर-दीड मीटर खाली पडतं, धबधब्याचा रुबाबही नसतो. पण खाली पडलेलं पाणी मागे वळून पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडे येतं, आणि तसंच फिरत राहतं. नैसर्गिक खळाळात कुठेतरी फट असते, बाजूनं सुटका असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सारखाच. त्यात अडकलेला ओंडका दिवसचे दिवस तिथेच गरगरत राहतो. माणसाचंही तेच होतं. मुरलेले कयाकपटू पंधरा फुटांच्या धबधब्यावरून उडी घेतील, पण तीन फुटांच्या बंधाऱ्याला हात जोडून काठानं जातील.

पावसाळ्याचे पहिले दिवस इथल्या आदिवासी पाड्यांवर वेगळ्याच कारणानं मोलाचे असतात. प्रवाहाविरुद्ध चढणीचे मासे येतात, आणि कुठल्या दगडाच्या कुठल्या बाजूला पाणी मंद असतं हे तिथल्या पोराला पाठ असतं. कयाकवाला ज्याला ‘एडी’ म्हणतो, ती जागा मासाही विसाव्याला शोधतो आणि जाळंवालाही. उद्या वैतरणेवर कुणी गाइड तयार करायचे ठरवले तर शिबिराच्या पहिल्या बाकावर ही पोरं बसायला हवीत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घातले, हे चांगलंच झालं. पालघर जिल्ह्यात मात्र पावसाळा आला की धबधब्यांवर मनाई आदेश निघतात. जव्हारच्या दाभोसाला होणारे अपघात पाहता ते समजण्यासारखं आहे. पण मनाई हे प्रशिक्षण नव्हे. पाणी वाचायला शिकवणारी एक शाळा दहा फलकांपेक्षा जास्त जीव वाचवेल.

भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथून पुढे खळाळ संपतात आणि वेगळी विद्या सुरू होते. उधाण आणि भांग, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा. इथे कयाकपटूपेक्षा कोळी जास्त शहाणा. वैतरणेच्या रेतीबंदरांवर डुबी मारणारे मजूर घमेलं-बादली घेऊन बांबूच्या आधारानं तळाशी जात आणि दमाच्या जोरावर रेती भरून वर येत. पुढे सक्शन पंप आले आणि रेल्वेपुलांच्या पायांचीच चिंता सुरू झाली. समुद्रातली कयाक ही मराठी माणसाला परकी राहिलेली नाही. मुंबईच्या कौस्तुभ खाडेनं २०१५ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरून निघून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा एकट्यानं कयाकमधून पार केला. सोबत शांजली शाही किनाऱ्यानं सायकलवर होती. खाऱ्या पाण्याला आपला माणूस मिळाला. गोड्या, पांढऱ्या पाण्याला अजून मिळायचा आहे.

नदीच्या मुखाशी, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला अर्नाळ्याचा किल्ला उभा आहे. थोडं आत, विरारजवळच्या नारंगीहून पलीकडे खारवाडेश्रीला २०२५ पासून रो-रो जाते. रस्त्यानं मोठा वळसा पडतो, बोटीनं मिनिटांत पलीकडे. वैतरणी पार करायला आता तिकीट लागतं.

पांढरं पाणी प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या रस्त्यावर एखाद्या पुलावर, कठड्याच्या आत उभं राहून बघावं. पाण्यात उतरू नये. उतरायचंच असेल तर कोलाडला जावं, आणि निघण्याआधी पाणी किती वाजता सोडणार ते फोन करून विचारावं. दुपारी पोहोचलात तर फक्त दगड दिसतील.