गुळगुळीत दगड म्हणजे नदीचं अंगण

धरमपेठेतून आम्ही सगळ्या जणी बोलतोय. हिवाळा लागला की गावोगावच्या बचत गटांतून एकच प्रश्न येतो : यंदा सहल कुठं न्यायची? बऱ्याच गटांचं शिर्डी, शनिशिंगणापूर, रांजणगावचा गणपती असं ठरलेलं असतं. त्या वाटेवर थोडी वाकडी वाट केली की निघोज लागतं. मागच्या जानेवारीत आमचं मंडळ तिथं जाऊन आलं. काय पाहिलं, आणि एका क्षणी आमच्या काळजाचा ठोका कसा चुकला, ते आज सांगणार आहोत.

निघोज हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं गाव. गावाजवळून कुकडी नदी वाहते, पलीकडचा काठ पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचा. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे. एरवी पसरून वाहणारी नदी इथं काळ्या खडकाच्या अरुंद घळीत शिरते. त्या खडकात ठायी ठायी गोल, खोल खड्डे पडले आहेत. काही घागरीएवढे, काही कमरेइतके, तर काही विहिरीसारखे. तोंडाशी गोल आणि आत फुगीर, अगदी आपल्या रांजणासारखे. म्हणूनच त्यांना रांजणखळगे म्हणतात.

आमच्यातल्या एकीनं पाहताक्षणी विचारलं, "हे कोणी कोरले असतील वो?" कोरणारी नदीच. कशी, ते समजायला आपलं उखळ आठवा.

आधी दगडाबद्दल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरला. तो थंड होऊन जो काळा पाषाण झाला, त्याला बेसाल्ट म्हणतात. आपला पाटा-वरवंटा बहुधा याच दगडाचा. आपल्या नागपुरातली सीताबर्डीची टेकडीही याच खडकाची. पश्चिमेकडून पसरत आलेले हे थर नागपूरच्या आसपास संपतात, पुढे पूर्वेला दुसरे खडक सुरू होतात. म्हणजे निघोजचा दगड आपल्याला परका नाही, एकाच घरातला आहे.

लाव्हा थंड होताना त्यात फटी राहतात, वायूचे बुडबुडे अडकून बारीक छिद्रं राहतात. नदीच्या तळाशी अशा कच्च्या जागी आधी लहानसा खळगा पडतो. पुराचं पाणी जोरात आलं की तिथं भोवरा होतो. पुराबरोबर आलेले गोटे आणि वाळू त्या भोवऱ्यात सापडतात आणि गरगर फिरत खळग्याच्या कडा, तळ घासत राहतात. उखळ दगडाचं, मुसळ गोट्यांचं आणि कांडणारं पाणी. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. असं हजारो वर्षं चाललं की खळग्याचा रांजण होतो. दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली की ते एक होतात, आणि तसं होत होत नदी घळ खोल करत नेते. पाणी उतरल्यावर काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे आजही दिसतात.

आता हवामान. पावसाचे ढग अरबी समुद्राकडून येतात, सह्याद्रीला अडतात आणि तिथंच रिते होतात. घाटाच्या पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. आपल्या नागपूरला वर्षाला 1000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पारनेरकडे त्याच्या जवळपास निम्माच. म्हणून तिकडे माळरान, बाभळी, बोरी आणि उघडा खडक. वाळवंट नव्हे, पण कोरडा मुलूख खरा.

मग एवढ्या कोरड्या मुलखात नदीला हा जोर येतो कुठून? मैत्रिणींनो, आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कुकडी उगम पावते जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या बाजूला, सह्याद्रीत. तिथं पावसाळ्यात झड लागते. निघोजला ऊन पडलेलं असलं तरी वर घाटात ढग कोसळत असतो, आणि ते पाणी काही वेळानं खाली येतं. त्यात वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. धरण भरलं की पाणी सोडावंच लागतं. म्हणजे आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधता येत नाही.

दूरदेशीचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत ॲरिझोना नावाचं राज्य आहे, बरंचसं वाळवंटी. तिथं रेतीच्या दगडात पाण्यानं कोरलेली अँटिलोप कॅनियन नावाची अरुंद घळ आहे, पाहायला जगभरातून लोक येतात. 12 ऑगस्ट 1997 रोजी काही मैल दूर वादळी पाऊस झाला. घळीपाशी पावसाचं फारसं चिन्ह नव्हतं. पण पाण्याचा लोंढा घळीत शिरला आणि 11 पर्यटक गेले. कोरड्या मुलखात पाणी मुरवायला झाडझाडोरा आणि माती कमी असते, त्यामुळे पडलेलं पाणी धावत सुटतं.

आणि दूर तरी कशाला जायचं? 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आम्ही धरमपेठेतल्या बाया विसरलो नाही. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली. एरवी जिला आम्ही नाला म्हणायचो, तिनं त्या रात्री आपली जागा दाखवून दिली.

आता तो काळजाचा ठोका. निघोजला आम्ही फोटो काढत होतो. आमच्यातली एक जण पाय धुवायला म्हणून एका रांजणाच्या काठाशी गेली. काठावर ओलं शेवाळ होतं. चप्पल सरकली आणि ती बसकण मारून खळग्याच्या तोंडाकडे घसरली. शेजारणीनं तिचा दंड धरला म्हणून वाचली. खळगा माणूसभर तरी खोल होता, पाणी हिरवं, तळ दिसत नव्हता. परतीच्या गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. चूक आमचीच होती : जागा सुंदर म्हणून पाहिली, ती कशानं झाली याचा विचार केला नव्हता.

रांजणात पडलं तर पोहता येणारीलाही बाहेर येणं कठीण. कडा घासून गुळगुळीत झालेल्या, पकडायला खाच नाही, आत फुगीर असल्यानं पाय टेकत नाही, आणि ओलं लुगडं खाली ओढतं. म्हणून काही गोष्टी गाठीशी बांधा.

सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या. पावसाळ्यात घळ पुलावरून आणि काठावरून पाहा, खडकात उतरू नका. उन्हाळ्यात काळा दगड तव्यासारखा तापतो, तेव्हा जायचंच तर सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी जवळ ठेवा. खाली उतरण्याआधी गावातल्या माणसांना विचारा, "वरून पाणी सोडलंय का?" पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर डबे-पिशव्या तिथंच सोडून आधी वर या. लेकरांचा हात सोडू नका, काठावर पाठमोऱ्या उभ्या राहून फोटो काढू नका.

कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. लांब दोर नाहीतर पिळलेली साडी टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका, तो तरंगतो. दोर धरणारीनं स्वतः खाली बसून धरावं आणि मागून तिला दोघींनी धरावं. एकीनं लगेच 112 वर फोन लावावा, रुग्णवाहिकेसाठी 108.

आणि एक खूण कायमची लक्षात ठेवा. दगड गुळगुळीत असेल, तर तो नदीनं घासलेला आहे. आज तिथं थेंब नसला तरी ते नदीचं अंगण आहे, आणि घरधनीण केव्हाही परत येऊ शकते. ही खूण निघोजला लागू आहे तशी तुमच्या गावच्या नदीलाही लागू आहे, जिथं तुम्ही धुणं धुता, जिथं पोरं पोहायला जातात. पुढच्या बैठकीआधी गटातल्या सगळ्या जणी एकदा नदीवर जा, आणि गुळगुळीत दगड कुठपर्यंत वर गेलाय ते आपल्या लेकरांना दाखवून या.

निघोजला जरूर जा. देवीला हात जोडा, नदीलाही जोडा, आणि सगळ्या जणी सुखरूप घरी या.