गॅसचा गीझर कुठे बसवावा?

गॅसच्या गीझरला टाकी नसते. नळ सोडला की ज्योत पेटते आणि नळीतून वाहता वाहताच पाणी तापते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवायचे, तर ६ × २५ × ४.२ = ६३० किलोज्यूल उष्णता हवी. पण ज्योतीला ऑक्सिजनही हवा! १ लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळण्यास ५ लिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे २४ लिटर हवा लागते. बंद न्हाणीघरात ती अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस नकळत बेशुद्ध पडतो. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा; आत यावे ते फक्त गरम पाणी. तुमच्या घरी तो कुठे आहे? आजच पाहा!