येलदरीच्या वाटेवरचं चारठाणा

येलदरी भरलं की परभणी-हिंगोलीकडची माणसं पोराबाळांना घेऊन पाणी बघायला निघतात. 1968 साली पूर्ण झालेल्या या धरणात 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे. तिथून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वर धरणात अडतं आणि कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांत जातं. दुष्काळ पाहिलेल्या मुलखाला भरलेल्या धरणाचं अप्रूप असणारच.

जालन्याकडून येलदरीला येताना मात्र मंठा सोडल्यावर, जिंतूरच्या अलीकडे, एक गाव लागतं. तिथे उतरणारे थोडे. पाणी जपण्याची धरणाहून कितीतरी जुनी गोष्ट त्या गावात दगडात बांधलेली आहे. गावाचं नाव चारठाणा.

आज हे जिंतूर तालुक्यातलं एक मोठं खेडं दिसतं. पण यादवकाळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात, इथे भरभराटीचं नगर असलं पाहिजे. नुसत्या खेड्याला एवढी मंदिरं आणि एवढ्या बारवा परवडत नाहीत. गावात कधीकाळी शेकड्यांनी मंदिरं होती असं जुनी माणसं सांगतात. आकडा बाजूला ठेवला, तरी गल्लीत, ओसरीच्या जोत्यात, शेताच्या बांधावर कोरीव दगड भेटत राहतात.

यातलं सगळ्यात देखणं ठिकाण म्हणजे गोकुळेश्वराचं मंदिर आणि तिथली बारव. चारी अंगांनी पायऱ्यांचे टप्पे खाली उतरत जातात. भिंतीत देवकोष्ठं आहेत. पाणी जसजसं खाली जाईल तसतसा माणूसही पायरी-पायरीने खाली जाईल, अशी ही सोय. चैत्रात तळाशी उतरायचं, श्रावणात वरच्याच पायरीवर घागर बुडवायची. वर ऊन तापलेलं असताना चार टप्पे खाली गेलं की गारवा अंगाला लागतो. दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवून बघा. चुना हाताला लागत नाही. घडीव चिरा चिऱ्यावर नेमका बसवायचा, कुसू खोबणीत अडकवायचा आणि वजनानेच बांधकाम धरून ठेवायचं, ही त्या पाथरवटांची रीत. काळा बेसाल्ट कठीण, छिन्नीला दाद न देणारा. त्यातून खांबाच्या गोल कण्या इतक्या सफाईने काढल्या आहेत की त्या कातल्यासारख्या वाटतात.

या सगळ्याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. बिनचुन्याचं बांधकाम त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं होतं. नाव एका मंत्र्याचं झालं. ज्यांनी चिरे घडवले त्या पाथरवटांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, आणि मला ते फार लागतं.

याच शतकात इटलीत सिएना नावाचं शहर वाढत होतं. टेकडीवरचं, जवळ मोठी नदी नसलेलं. तिथल्या लोकांनी डोंगर पोखरून सुमारे पंचवीस किलोमीटरचे भुयारी पाट काढले आणि कमानींखालच्या हौदांत पाणी आणलं. फोंतेब्रांदा हा त्यांतला सर्वांत नावाजलेला हौद. हे शहर बघायला आज जगभरातून माणसं जातात. आपल्या पूर्वजांना प्रश्न तोच पडला होता आणि त्याचं उत्तर आपल्या दारात उभं आहे.

चारठाण्यातला उंच स्तंभही थांबून बघावा असा. कुणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कुणी दीपमाळ, कुणी विजयस्तंभ. नावावर एकमत नाही, पण उघड्यावर एकटा उभा असलेला तो कोरीव दगड लांबूनच नजर धरून ठेवतो. खाली उभं राहून वर पाहताना मान अवघडते, तरी डोळे काढवत नाहीत.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. राजाश्रय गेला. पण जुन्या वास्तू फक्त स्वाऱ्यांनीच मोडतात असं नाही. घरोघरी नळ आला की बारवेकडे जाणारी वाटही मोडते. मग गाळ, झुडपं, कचरा. म्हणूनच गाळ उपसून आपली बारव पुन्हा उघडी करणाऱ्या गावकऱ्यांचं काम मला धरण बांधण्याइतकंच मोलाचं वाटतं. याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरला तर चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. दोन्ही गावं एका दिवसात सहज होतात.

जायचं तर हिवाळ्यात, सकाळी. तिरपं ऊन पडलं की झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. सोबत गावातलं कुणी घ्या, म्हणजे घरांच्या मागे दडलेली मंदिरं सापडतील. पाऊस नुकताच होऊन गेला असेल तर बारवेच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं. तिथे भिंतीचा आधार घेऊन उतरा.