लेकराच्या दाताचा एक्स-रे : घाबरू नका, पण विचारा

आमच्या वस्तीतल्या विहारात दात तपासणी ठेवली होती. सात वर्षांच्या एका मुलीची वरची दाढ किडून गाल सुजला होता. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला, तर आजी म्हणाली, "नको बाई, त्यानं कॅन्सर होतो. दुधाची दाढ, पडून जाईल." चार दिवसांत सूज डोळ्यापर्यंत चढली, तेव्हा घाटी गाठली.

त्याच दिवशी दुसरी आई भेटली. सहा महिन्यांत दोन दवाखान्यांत मुलाच्या पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढलेला. आधीचा कुठंय? "त्यांनी दिलाच नाही, आम्ही मागितलाच नाही."

दोन्हीकडे चूक आहे. निसर्गातूनच, मातीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला रोज सरासरी ६-७ मायक्रोसिव्हर्ट किरणं मिळतात. दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे साधारण ५ किंवा त्याहून कमी. पूर्ण जबड्याचा, म्हणजे ओपीजी, १० ते २५च्या आसपास. सीबीसीटी नावाच्या थ्रीडी स्कॅनची मात्रा मात्र कितीतरी पट असू शकते. लेकरांच्या पेशी वाढत असतात, पुढं आयुष्य मोठं असतं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जबड्याला लागूनच. म्हणून गरजेपुरताच. पण गरज असेल तेव्हा टाळायचा नाही. दुधाच्या दाढेखाली पक्क्या दाताचा अंकुर असतो, पू तिथवर पोचतो.

राजा मिलिंदानं भन्ते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले. बाबासाहेबांनी आपल्या शहरात उभारलेल्या कॉलेजला त्याच राजाचं नाव आहे. मग दवाखान्यात आपली जीभ का अडते? विचारा, हा एक्स-रे कशासाठी? एका दाढेच्या छोट्या एक्स-रेवर भागेल का? मशीनवर वेळ लहान मुलाची लावली का? नळीचं तोंड गोल आहे की चौकोनी? चौकोनी असेल तर किरणं निम्म्याहून कमी लागतात. मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडं नोंदणी आहे का, हेही विचारायला लाजू नका.

शिशाच्या एप्रनबद्दल सगळे विचारतात. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०२४मध्ये सांगितलं की नेमाने घालायची गरज नाही, किरणांचा झोत नीट आवळणं महत्त्वाचं. आपल्याकडं जुनी गोल नळी असेल, तर छोट्या एक्स-रेला गळपट्टा मागण्यात काही वावगं नाही. ओपीजीला मात्र तो चित्राच्या आड येतो. लेकराला धरावंच लागलं, तर धरणाऱ्या मोठ्या माणसानं एप्रन घालायचंच. गरोदर बाईनं धरू नये.

नर्सिंगमध्ये आम्ही पाहिलं, फुकटची किरणं जास्त जातात ती हललेल्या फोटोमुळं. काढावा लागतो पुन्हा. म्हणून घरीच खेळ करा, तोंडात चमचा धरून दहा अंक मोजेपर्यंत पुतळा. निघताना एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या, तारखेसह ठेवा, पुढच्या डॉक्टरला आधी तो दाखवा. खाजगी परवडत नसेल, तर घाटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

परवा त्या आजीसोबत आम्हीही गेलो होतो. एक्स-रेच्या खोलीच्या दारातच तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, टाइम लहान लेकराचा लावला ना?" डॉक्टर हसले, आणि बटण दाबायच्या आधी आकडा पुन्हा बघितला.