शनिवार तेल्यांचे वंशज

हसनाबाद-भोकरदनकडच्या शेतकऱ्याला इस्रायल ठाऊक आहे ते ठिबक सिंचनामुळे आणि युद्धाच्या बातम्यांमुळे. त्यामुळे ज्यू म्हटले की कुणीतरी परका, गडगंज माणूस डोळ्यांपुढे येतो. आपल्याच राज्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

ते परदेशी आहेत, हा पहिला गैरसमज. या मराठी ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजाच्या, आठवणीनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर ही आडनावे कोकणातल्या गावांवरूनच पडली. नवस फेडायचा, शुभकार्य करायचे, तर त्यांच्या घरी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची, भोवती फळे, आणि एलियाहू पैगंबराचे स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात.

ते सावकार होते, हे तर साफ चुकीचे. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सावकारीचा समज बहुधा ससून घराण्यामुळे पसरला. पुण्याच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते डेव्हिड ससून बगदादहून आलेले व्यापारी. बेने इस्रायल वेगळे. काही बगदादी मंडळी तर त्यांना बरोबरीचे मानत नसत. खुद्द बेने इस्रायलांतही गोरे आणि काळे असा भेद होता. तो लपवण्यात अर्थ नाही.

आपल्यापुरते पाहणारा समाज, हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथली बहुतेक मुले ज्यू नाहीत. याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला शिकून मुंबईच्या कामा रुग्णालयात 1928 ते 1947 अधीक्षकपद सांभाळले. बाळंतपणात बायका का दगावतात, याची त्यांनी मुंबईत पद्धतशीर पाहणी केली. त्या काळी बाळंतिणीचा मृत्यू म्हणजे नशिबाचा भाग समजला जाई. झिराडबाईंनी त्याची कारणे शोधली. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. समाजातलेच डॉ. ई. मोझेस 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीचा रस्ता त्यांच्याच नावाचा.

छळामुळे ते देश सोडून गेले, असेही ऐकू येते. भारतात त्यांचा ज्यू म्हणून छळ झाला नाही. 1948 नंतर धर्मओढीने आणि चांगल्या भवितव्याच्या आशेने पुष्कळजण इस्रायलला गेले, पण तिथे निराळाच झगडा वाट्याला आला. तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाची छाननी सुरू केली. समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्या धर्माच्या ओढीने गेले, त्यातली जागा त्यांना लढून मिळवावी लागली.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. समाज आज संख्येने फार लहान आहे. अलिबागला गेलात तर इस्रायल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग पाहा. तिथे कुणी भेटले तर ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ असे मात्र विचारू नका.