शीतन पंखा, मोटारगाडीचा विद्युत्

शीतन पंखा, मोटारगाडीचा विद्युत् : मोटारगाडीच्या रेडिएटरमधून हवा ओढून एंजिनातील शीतक द्रव निववणाऱ्या व विद्युत् चलित्रावर चालणाऱ्या पंख्यास ही संज्ञा आहे. अंतर्ज्वलन-एंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एकतृतीयांश किंवा त्याहूनही कमी उष्णतेचे यांत्रिक कार्यात रूपांतर होते. जवळपास तितकीच उष्णता शीतक द्रवात उतरते आणि उरलेली मुख्यतः निष्कास वायूंबरोबर निघून जाते. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवण्यास पुरतो. गाडी उभी असताना किंवा सावकाश चालत असताना मात्र पंख्यावाचून गत्यंतर नसते.

ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत पंखा एंजिनाच्याच दंडावरील कप्पीवरून पट्ट्याने फिरविला जाई. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीपासून आडवे बसविलेले एंजिन व पुढच्या चाकांना दिलेली गती ही रचना भारतात रूढ झाली. तीत एंजिनाचा दंड रेडिएटरला समांतर असल्याने पट्ट्याने पंखा फिरविणे गैरसोयीचे ठरते. म्हणून विद्युत् पंखा आला. तो गरजेपुरताच फिरत असल्याने शक्तीची बचत होते. परंतु पट्टा डोळ्यांना दिसतो आणि विद्युत् मंडलातील दोष दिसत नाही, ही त्याची दुसरी बाजू होय.

पंख्याच्या मंडलाचे दोन भाग असतात. शक्तिमंडलात १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, रिलेचे स्पर्शक, चलित्र व गाडीच्या सांगाड्याशी केलेली भूजोडणी येते. लहान गाडीच्या १२० वॉटच्या चलित्रास सु. १० अँपिअर प्रवाह लागतो. सुरू होण्याच्या क्षणी तो याच्या कित्येक पट असतो. नियंत्रण मंडलात रिलेचे वेटोळे व त्याला प्रवाह देणारा उष्णता-स्विच असतो; वेटोळ्यास अँपिअरचा लहानसा अंशच पुरतो. हा स्विच सामान्यतः ९०° ते १००° से.च्या दरम्यान मिटतो आणि तापमान काही अंशांनी उतरल्यावर उघडतो. अलीकडच्या गाड्यांत स्विचऐवजी तापमानाप्रमाणे रोध बदलणारा संवेदक असतो व निर्णय इलेक्ट्रॉनीय नियंत्रक घेतो.

पंखा बंद पडल्याचे सपाट रस्त्यावर बहुधा लक्षातच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणहून कराडकडे निघालेली गाडी अलोरे-पोफळीच्या परिसरापर्यंत निर्वेध येते आणि कुंभार्ली घाट चढू लागताच तापमानदर्शकाचा काटा वर सरकतो. कारण उघड आहे. १,००० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी १०० मी. उंच नेण्यास सु. १० लाख जूल कार्य करावे लागते व शीतक द्रवात उतरणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. उलट पहिल्या-दुसऱ्या गिअरमधील चालीमुळे वारा जवळजवळ नाहीसा होतो. घाटमाथ्यावर हवा विरळ असल्याने पाणी लवकर उकळते, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. पण त्यात फारसे तथ्य नाही. उंचीमुळे उत्कलनबिंदू दोनेक अंशच उतरतो, तर रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या सु. एक वातावरण जादा दाबामुळे तो १२०° से.च्या आसपास चढलेला असतो. उलट्या दिशेने, म्हणजे घाट उतरून येणाऱ्या गाडीत हाच दोष चिपळूणच्या बाजारपेठेतील गर्दीत सापडेपर्यंत झाकलेला राहतो.

दोषनिदान : झाकणाखालील द्रव १००° से.हून अधिक तापलेला असू शकतो व दाब सुटताच तो उसळतो. म्हणून एंजिन पूर्ण निवल्याखेरीज झाकण उघडू नये. अनेक गाड्यांत एंजिन बंद केल्यावरही पंखा एकाएकी फिरू लागतो, त्यामुळे पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी. पंख्याला दोष देण्याआधी शीतक द्रवाची पातळी पाहणे इष्ट. द्रव कमी असल्यास अथवा त्यात हवा कोंडली असल्यास संवेदक कोरडा राहतो. एंजिन उकळते, पण पंख्याला त्याची वार्ता पोहोचत नाही. तापनियामक झडप बंद स्थितीत अडकल्यावरही रेडिएटर थंडच राहतो आणि त्यात बसविलेला स्विच मिटत नाही. या दोन्ही बाबतींत पंखा निर्दोष असतो.

यानंतर चलित्राची जोडणी सोडवून त्यास बॅटरीवरून जाड तारांनी थेट प्रवाह द्यावा; धन व ऋण टोकांची अदलाबदल होऊ देऊ नये, अन्यथा पंखा उलटा फिरतो. तो मुळीच फिरला नाही तर चलित्र निकामी झाले आहे. हलकेच ठोकल्यावर फिरू लागल्यास त्यातील कार्बनचे ब्रश झिजले असण्याचा संभव मोठा. चलित्र चांगले असेल, तर फ्यूजच्या दोन्ही टोकांना परीक्षण-दिवा लावून पाहावा. रिलेसाठी सोपा उपाय म्हणजे त्याच प्रकारचा दुसरा रिले, उदा., भोंग्याचा, तेथे बसवून पाहणे. रिलेचा टक् असा आवाज येऊनही पंखा थांबलेलाच असेल, तर नियंत्रण मंडल ठीक असून दोष शक्तिमंडलात आहे. दोन टोकांचा साधा उष्णता-स्विच असल्यास त्याच्या जोडणीतील दोन्ही तारा क्षणभर एकमेकींस जोडाव्यात. पंखा फिरल्यास स्विच बदलावा. संवेदक असलेल्या गाडीत असे करू नये. तेथे संवेदकाची जोडणी नुसती काढावी. पुष्कळ नियंत्रक अशा वेळी सुरक्षिततेसाठी पंखा चालू करतात. पंखा जलद गतीने फिरतो पण मंद गतीने फिरत नाही, असे आढळल्यास मंद गतीसाठी असलेला श्रेणी-रोधक जळालेला असतो.

सर्वांत फसवा दोष गंजलेल्या जोडणीचा. कोकणातील दमट व खारट हवेत भूजोडणीचा बोल्ट आणि तारांची टोके यांवर गंज व हिरवट थर चढतो. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, तरी १० अँपिअर प्रवाहास ५ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो. मात्र चलित्र सोडवून व्होल्टमापक लावल्यास तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो. कारण त्यातून जाणारा प्रवाह नगण्य असतो. म्हणून मापन भार चालू ठेवूनच करावे. याच कारणाने पुष्कळ चांगली चलित्रे विनाकारण बदलली जातात. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या तारा हेही या भागात दुर्लक्षून चालणारे कारण नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुरात बुडाले. अशा पुरात सापडलेल्या गाडीत चलित्राच्या धारव्यांत व जोडण्यांत शिरलेला गाळ कित्येक महिन्यांनंतरही उपद्रव देऊ शकतो.

पंखा डॅशबोर्डवरील वेगळ्या बटणाने थेट चालविण्याची युक्ती गॅरेजांत केली जाते. मुक्कामाला पोहोचण्यापुरती ती क्षम्य आहे. कायमची ठेवल्यास बटण दाबावयाचे राहून जाणे हाच नवा दोष होतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे तर आग ओढवून घेणे होय. वाटेत पंखा बंद पडल्यास भार कमी करून गाडीतील हीटर पूर्ण चालू करावा. तो लहानसा रेडिएटरच असतो. वातानुकूलन चालू करताच पंखा फिरू लागला, तर चलित्र शाबूत असून दोष स्विच किंवा संवेदकाकडे आहे असे बहुधा मानता येते. मात्र काही गाड्यांत वातानुकूलनासाठी वेगळा पंखा असतो, हे आधी तपासावे. काटा तांबड्या पट्ट्यात पोहोचल्यावर मात्र गाडी थांबविणेच योग्य. ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने अतितप्त सिलिंडर-शीर्ष वाकते व त्याखालील गॅस्केट फुटते. ही दुरुस्ती संपूर्ण नव्या पंख्याच्या किंमतीहून कितीतरी महाग पडते.